खाण तशी माती?

(महिला मंडळांच्या कार्यकर्त्यांसाठी झालेल्या आरोग्य शिबिरातल्या व्याख्यानाचं शब्दांकन)



शिबिराच्या पत्रकात माझ्या नावापुढे ‘प्रथिनांच्या घड्या’ असा विषय छापलेला बघून सकाळी चहाच्या वेळी दोघीतिघींनी विचारलं, “ताई, डाळी-कडधान्यांवर बोलणार का?” डाळींवर तुम्ही माझ्यापेक्षा बरं बोलाल. मी समाजकार्य शिकले, रसायनशास्त्र नाही. तरीही हा विषय मी मागून घेतला, त्याला कारण आहे.

आपल्या सल्ला केंद्रात एक म्हण सारखी कानावर पडते, ‘खाण तशी माती’. सासरचे म्हणतात, हिची आई नवऱ्याला सोडून माहेरी आली, ही काय वेगळी निघणार? मूल दत्तक घ्यायला निघालेल्या जोडप्याला घरचे म्हणतात, कुणाचं रक्त कोण जाणे! मारहाण करणाऱ्याची आई सुनेला समजावते, याचे वडीलही असेच होते, रक्तातच आहे ते, तूच सांभाळून घे. एकच म्हण बाईला दोष द्यायलाही चालते आणि पुरुषाला माफ करायलाही चालते. शिकल्यासवरल्या घरांत हीच म्हण कपडे बदलून येते. तिथे ‘रक्त’ म्हणत नाहीत, ‘जीन्समध्येच असतं हो’ असं म्हणतात. आणि विज्ञानाचं नाव निघालं की आपली कार्यकर्ती गप्प बसते. तिला वाटतं, हे आपल्याला कसं खोडता येणार?

म्हणून आज आपण अगदी मुळाशी जाऊन बघू. जीन्समध्ये जे लिहिलेलं असतं, ते मुख्यतः प्रथिनं कशी बनवायची याचं. मग निदान प्रथिनांच्या बाबतीत तरी ‘खाण तशी माती’ खरं आहे का? एकाच कुळातल्या प्रथिनांचा आकार एकच असतो का?

माळ आणि तिच्या घड्या

प्रथिन म्हणजे मण्यांची माळ समजा. मणी वीस प्रकारचे. त्यांना अमायनो आम्लं म्हणतात. कुठल्या मण्यामागे कुठला मणी ओवायचा, ते जीन ठरवते. पण माळ ओवून झाली म्हणजे काम झालं असं नाही. ती गोळा होऊन विशिष्ट आकारात बसते, तेव्हाच कामाला लागते. नऊवारी लुगडं घडी करून कपाटात ठेवलं तर ते फक्त कापड असतं. नेसलं की त्याच कापडात बाई शेतात काम करते. प्रथिनाचं तसंच आहे. काम आकारामुळे होतं.

या आकारात दोन घाट पुन्हा पुन्हा दिसतात. एक म्हणजे वेटोळं, लाटण्याभोवती सुतळी गुंडाळून लाटणं काढून घेतल्यावर राहील तसं. दुसरा म्हणजे निऱ्या. माळेचे तुकडे शेजारी शेजारी लागून चुणीदार पट्टा तयार होतो. हा पट्टा गोल वळून त्याची कडा कडेला मिळाली, की त्याचं पिंप होतं. मोठ्या प्रथिनात असे स्वतंत्रपणे घडी घालणारे दोन-तीन भाग असतात. त्यांना डोमेन म्हणतात. आपण नुसतं ‘भाग’ म्हणू.

वेटोळी फितीसारखी आणि निऱ्या बाणासारख्या दाखवणारी चित्रं आज जगभरच्या पुस्तकांत असतात. ती पद्धत रूढ केली जेन रिचर्डसन या अमेरिकन बाईंनी, १९८१ साली, स्वतःच्या हाताने चित्रं काढून. त्यांचं पदव्युत्तर शिक्षण तत्त्वज्ञानात झालेलं, आणि पीएच.डी. त्यांनी केलेलीच नाही. आपल्याकडच्या कमला सोहोनी तर प्रथिनांच्या शास्त्रात त्यांच्याही फार आधीच्या. १९३३ साली बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत सी. व्ही. रामन यांनी त्यांना, केवळ त्या मुलगी आहेत म्हणून, प्रवेश नाकारला. कमलाबाई हटल्या नाहीत. अटी घालून का होईना, प्रवेश द्यावा लागला. दूध आणि डाळींमधल्या प्रथिनांवर त्यांनी तिथे काम केलं आणि १९३९ साली केंब्रिजची पीएच.डी. मिळवली. ‘हा विषय बायकांचा नाही’ असं कुणी म्हणालं तर ही दोन नावं सांगा.

नियम काय होता

आता नियम बघू. क्रिस्तियन अँफिन्सन या शास्त्रज्ञाने रायबोन्यूक्लिएज नावाचं १२४ मण्यांचं प्रथिन घेतलं. रसायनं घालून त्याच्या सगळ्या घड्या मोडल्या, ते निकामी केलं. मग रसायनं काढून घेतली. माळ पुन्हा आपली आपण त्याच आकारात बसली आणि कामाला लागली. म्हणजे आकाराची माहिती मण्यांच्या क्रमातच असते. या कामाबद्दल १९७२ साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळालं.

दुसरा नियम कुळाचा. पिढ्यान्‌पिढ्या जीनच्या नकला होताना चुका होतात, कधी एका जीनच्या दोन होतात. त्यातून प्रथिनांची कुळं तयार होतात. आपल्या रक्तातलं हिमोग्लोबिन आणि स्नायूंतलं मायोग्लोबिन ही एका कुळातली. त्यांचे मणी जेमतेम चारात एक जुळतात, पण घडी तीच. चोथिया आणि लेस्क या दोघांनी १९८६ साली अशी अनेक कुळं ताडून दाखवली. मणी जितके जवळचे, तितका आकार जवळचा, असं त्यातून दिसलं. तेव्हापासून नवं प्रथिन सापडलं की त्याचं कूळ शोधायचं आणि आकाराचा अंदाज बांधायचा, ही रीत पडली.

ही रीत बहुतेक वेळा बरोबर ठरते, हे मी मुद्दाम सांगते. आपल्याला सोयीची नाही म्हणून ती खोटी ठरत नाही. पण ‘बहुतेक वेळा’ आणि ‘नेहमीच’ यांत फरक आहे. आजची गोष्ट त्या फरकाची आहे.

दोन बहिणी

आपल्या आतड्यात ई. कोलाय नावाचे जीवाणू राहतात. त्यांच्यात एका कुळातली दोन प्रथिनं आहेत. एकीचं नाव नस-जी. ती थोरली. तिच्या कुळातलं कुणी ना कुणी जवळजवळ प्रत्येक सजीवात सापडतं. दुसरीचं नाव आर-एफ-ए-एच. ती धाकटी, एका जीनच्या दोन प्रती होऊन पुढे वेगळी झालेली. थोरली १८१ मण्यांची, धाकटी १६२ मण्यांची. दोघींचे दोन-दोन भाग. त्यांना डोकं आणि शेपूट म्हणू.

दोघींचं कामही जवळचं. जीनवरचा मजकूर उतरवून घेणारं एक यंत्र पेशीत असतं. त्याला धरून राहायचं आणि उतरवणं मध्येच थांबू द्यायचं नाही. थोरली जवळपास सगळीकडे जाते. धाकटी मात्र ठराविक मोजक्याच जीन्सवर जाते.

दोघींची डोकी एकाच घडीची आहेत. थोरलीचं शेपूट म्हणजे निऱ्यांचं पिंप. तेव्हा रीतीप्रमाणे धाकटीचंही पिंपच असायला हवं. २००७ साली तिची रचना प्रसिद्ध झाली, तेव्हा तिथे पिंप नव्हतं. दोन वेटोळी शेजारी शेजारी, अगदी केसांच्या आकड्यासारखी, आणि हा आकडा डोक्याला घट्ट चिकटलेला. एका कुळातल्या दोघी, एकाच जागचा भाग, पण एकीकडे सगळ्या निऱ्या आणि दुसरीकडे सगळी वेटोळी.

इथवर कुणी म्हणेल, मणी बदललेत म्हणून आकार बदलला, त्यात नवल काय? पुढचं ऐका. जर्मनीतल्या बायरॉइट विद्यापीठातला गट आणि अमेरिकेत ओहायो राज्य विद्यापीठात काम करणाऱ्या इरिना आर्त्सिमोविच यांचा गट, यांनी मिळून २०१२ साली आणखी एक गोष्ट दाखवली. धाकटीचं शेपूट डोक्यापासून सोडवलं, की ते आकडा राहत नाही. ते उलगडतं आणि निऱ्या घालून थोरलीसारखंच पिंप होतं. एकही मणी न बदलता! डोक्याला चिकटलेलं असताना आकडा, सुटं झालं की पिंप. पुढे २०१९ साली हेही दिसलं की काम संपल्यावर ते पुन्हा आकडा होऊन डोक्याला चिकटतं.

तिला हे कशाला हवं? आकडा असताना तो डोक्यावरची नेमकी तीच जागा झाकतो, जिने यंत्राला धरायचं असतं. म्हणजे धाकटी बंद असते, थोरलीच्या कामात लुडबुड करत नाही. ठराविक जीन्सच्या सुरुवातीला डी.एन.ए.वर एक छोटी खूण असते. यंत्र तिथे आलं की धाकटीचं डोकं त्या खुणेला आणि यंत्राला भिडतं, शेपूट सुटतं. डोकं यंत्राला धरतं. शेपटाचं झालेलं पिंप रायबोसोमला, म्हणजे प्रथिन ओवणाऱ्या कारखान्याला, धरून आणतं. उतरवणं आणि ओवणं असं जोडीने चालू होतं. एकाच शेपटाची दोन कामं, दोन आकारांमुळे.

ही गोष्ट आपल्या घरात कुठे येते

ही धाकटी ज्या मोजक्या जीन्सवर जाते, त्यांत जीवाणूच्या बाहेरच्या आवरणाच्या आणि काही जातींत आपल्या पेशी फोडणाऱ्या विषाच्या जीन्स आहेत. ई. कोलायच्या बऱ्याच जाती निरुपद्रवी असतात. पण काही जाती मूत्रमार्गात शिरतात. आपण ज्याला ‘उन्हाळी लागली’ म्हणतो, लघवीला जळजळ, सारखी लागल्यासारखी होणं, ओटीपोटात दुखणं, त्यातल्या जंतुसंसर्गाचं सगळ्यात मोठं कारण हाच जीवाणू. मूत्रमार्गातल्या अशा एका जातीतून धाकटीची जीन काढून टाकली, तर तिची रोग करायची ताकद बरीच घटते, असं उंदरांवरच्या प्रयोगात २००२ साली दिसलं. यावरून लगेच औषध निघालेलं नाही, तेव्हा कुणाला तशी आशा लावू नका. पण आपल्याला छळणाऱ्या जंतूचा एक खटका शेपटाच्या या दोन घड्यांत आहे, एवढं कळलं.

साधारण निम्म्या बायकांना आयुष्यात एकदा तरी हा त्रास होतो. आपला मूत्रमार्ग आखूड असतो, हे एक कारण. ते शरीराचं. पण शरीराबरोबर परिस्थितीही बघा. ऊसतोडीच्या फडात आडोसा नाही. बाजारात भाजी विकणारी दिवसभर जागेवरून उठत नाही. बंदोबस्ताला उभी असलेली महिला पोलीस पाणीच पीत नाही. लघवी तुंबवायची, पाणी कमी प्यायचं, आणि जळजळ झाली की कुणाला सांगायचं नाही, कारण सांगितलं तर घरचे चारित्र्याकडे बघणार. जीवाणू तोच असतो. पण तो कुणाच्या शरीरात किती मुक्काम करणार, हे पालिकेने मुतारी बांधली की नाही यावरही ठरतं. मुंबईत २०११ साली ‘राइट टू पी’ मोहीम सुरू झाली ती याचसाठी. पुण्याच्या ‘मिळून साऱ्याजणी’च्या जनहित याचिकेवर मुंबई उच्च न्यायालयाने डिसेंबर २०१५ मध्ये महापालिकांना बायकांसाठी स्वच्छ स्वच्छतागृहं देण्याबाबत निर्देश दिले, तेही याचसाठी.

अपवाद किती?

तुम्ही म्हणाल, एखादी धाकटी वेगळी निघाली, म्हणून काय झालं? शास्त्रज्ञांनाही असंच वाटत होतं. अमेरिकेतल्या राष्ट्रीय आरोग्य संस्थांमध्ये काम करणाऱ्या लॉरेन पोर्टर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०२२ साली या एका कुळातल्या कितीतरी सजीवांच्या प्रथिनांचे क्रम तपासले. त्यांचा अंदाज असा आला की सुमारे २४ टक्के प्रथिनांचं शेपूट असा आकार बदलत असावं. त्यातली एकमेकींपासून दूरची दहा निवडून प्रयोगशाळेत तपासली. दहाच्या दहा ठिकाणी अंदाज बरोबर निघाला.

यात एक गोष्ट आपण विशेष लक्षात घ्यावी. मण्यांच्या क्रमावरून आकार सांगणारे संगणकाचे फार हुशार कार्यक्रम आता आले आहेत. त्यातल्या अल्फाफोल्डच्या कर्त्यांना २०२४ सालच्या रसायनशास्त्राच्या नोबेलमध्ये वाटा मिळाला. पण पोर्टर यांच्या गटाला जे दिसलं, ते त्या वेळच्या अशा कार्यक्रमांना सांगता आलं नाही. असे कार्यक्रम आधी नोंदलेल्या आकारांवरून शिकतात, आणि त्या नोंदींत एका प्रथिनाचा बहुधा एकच आकार असतो. आपल्याला हे नवीन आहे का? सर्वेक्षणाच्या फॉर्मवर ‘कुटुंबप्रमुख’ असा एकच रकाना असतो, म्हणून घर चालवणारी बाई कागदावर ‘अवलंबित’ होते. सासूसमोर विचारलं तर ‘सगळं ठीक आहे’ म्हणणारी सून मंडळाच्या बैठकीत वेगळं सांगते. कुठे आणि कुणासमोर बघितलं, तेही नोंदवावं लागतं.

इथे जपून बोलायचं

आता सावधगिरीचं सांगते. उद्या कुणी कार्यकर्ती भाषणात म्हणेल, ‘विज्ञानाने सिद्ध केलंय की परिस्थिती बदलली की माणूस बदलतो.’ तसं म्हणू नका. शेपटाला मन नाही, इच्छा नाही, सासर-माहेर नाही. प्रथिनावरून माणसाचा निष्कर्ष काढणं ही चूक आपल्या विरोधातली माणसं करतात. तीच आपण उलट्या बाजूने करायची नाही. बायकांना समान हक्क हवेत ते त्या माणूस आहेत म्हणून. त्यासाठी जीवाणूची साक्ष लागत नाही.

शिवाय शेपूट हवा तो आकार घेत नाही. दोनच घेतं, आणि दोन्हींची शक्यता त्याच्या मण्यांच्या क्रमातच असते. मण्यांना महत्त्व आहेच. सिकलसेलचं उदाहरण घ्या. गडचिरोली, नंदुरबारच्या कार्यकर्त्यांना ते चांगलं माहीत आहे. हिमोग्लोबिनच्या एका साखळीत सहाव्या जागचा एकच मणी बदलतो आणि माणूस आयुष्यभर वेदना सोसतो. हे खरोखर आनुवंशिक आहे. पण आजार उतरतो तो आई आणि बाप दोघांकडून सदोष जीन आली तर. तरीही ‘हिच्या माहेरचं दुखणं’ म्हणून सून परत पाठवली जाते. आनुवंशिकता जिथे खरी आहे, तिथेही म्हण खोटीच पडते, कारण खाणी दोन असतात आणि बोट एकीकडेच दाखवलं जातं.

मग आपण काय म्हणू शकतो? एवढंच, पण ते ठामपणे: ‘कूळ कळलं की सगळं कळलं’ असं जीवशास्त्र म्हणत नाही. पन्नासेक मण्यांच्या शेपटाबद्दलसुद्धा ते असं म्हणत नाही. ते कुणाला चिकटलेलं आहे, कुठे सुटलं, हे विचारल्याशिवाय त्याचा आकार सांगता येत नाही. मग चालत्याबोलत्या बाईबद्दल, तिच्या आईच्या एका निर्णयावरून, कुणी सगळं सांगत असेल, तर ते विज्ञान नाही. तो जुनाच दोष आहे, फक्त नवा शब्द लावलेला.

मंडळात गेल्यावर

गावी गेल्यावर तीन गोष्टी करा. पहिली, ‘रक्तातच आहे’ असं कुणी म्हणालं की शांतपणे तीन प्रश्न विचारा. नेमकं काय रक्तात आहे? ते कुणी, कसं तपासलं? आणि ती व्यक्ती तेव्हा कोणत्या परिस्थितीत होती? मारहाणीच्या केसमध्ये तिसऱ्या प्रश्नाचा अर्थ माफी असा होऊ देऊ नका. बाप मारत होता हे कळल्याने मुलाचा हात उचलणं क्षम्य ठरत नाही. तो हात कायद्यानेही थांबवता येतो, २००५ चा कौटुंबिक हिंसाचाराचा कायदा आपल्या हातात आहे.

दुसरी, पुढच्या बैठकीत लघवीच्या त्रासावर उघडपणे बोला. जळजळ, ताप, पाठीत कुशीला दुखणं असेल तर डॉक्टरकडे जाऊन लघवी तपासून घ्या. औषध दिलं तर बरं वाटलं म्हणून मध्येच सोडू नका, आणि शेजारणीच्या उरलेल्या गोळ्या खाऊ नका. गरोदर बाईला काहीही त्रास नसला तरी लघवीची तपासणी करून घ्या. जंतू असूनही त्रास जाणवत नाही, आणि ते मूत्रपिंडापर्यंत चढू शकतात. ही तपासणी लाजेची नाही, आणि चारित्र्याशी तिचा काही संबंध नाही, हे सासूबाई आणि नवरे हजर असताना सांगा.

तिसरी, आपल्या गावात, बाजारात, एस.टी. स्टँडवर बायकांसाठी मुताऱ्या किती, त्यात पाणी येतं का, दाराला आतून कडी आहे का, किती पैसे घेतात, याची यादी करून आणा. पुढच्या शिबिरात आपण त्या याद्या एकत्र करू आणि पालिकेकडे, पंचायतीकडे निवेदन घेऊन जाऊ.

मण्यांची माळ मी इथे टेबलावर ठेवली आहे. जेवणाच्या सुट्टीत ज्यांना आकडा आणि पिंप करून बघायचं असेल त्यांनी या. प्रश्न असतील तर आता विचारा.